अंगठ्याचा डाग

‘काळी धूळ’ बँडच्या त्या पहिल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ हल्ली कुणी ना कुणी मला मोबाइलवर पाठवत असतं. पाठवणाऱ्याला वाटतं, मॅडमला आनंद होईल. चंद्रपूरची पोरं, आपल्याच बोलीत ओरडून गाणारी, आज नागपूरपासून पुण्यापर्यंत जो तो रॉकवाला ज्यांच्या ठेक्याची नक्कल करतो, त्यांचा अगदी पहिला कार्यक्रम! आणि तोही कुठं, तर मूल शहराच्या पुढच्या एका तलावाकाठच्या गावात, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, मांडवात. मी तो उघडत नाही. चुकून उघडला गेला तर पहिल्या मिनिटालाच बंद करते. चित्रात डावीकडं वर एक तांबूस डाग आहे. खाली लोकांनी हळहळून लिहिलेलं असतं की जुन्या कॅसेटला बुरशी लागली, असा ठेवा जपायला हवा होता, वगैरे. बुरशी नाही ती. तो खर्रा आहे. आमच्या गजूभाऊचा.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घासघासून घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस एक वेळ जेवणाशिवाय राहील, खर्ऱ्याशिवाय नाही. कचेऱ्यांचे जिने, बसस्टँडचे कोपरे, दवाखान्यातल्या कुंड्या, सगळीकडं त्याच्या पिचकाऱ्या. मला त्याचा वासही सोसत नाही. आणि माझं नशीब असं की चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत आमचं घर वर आणि त्याच्या बरोबर खाली गजूभाऊचा फोटो स्टुडिओ. सकाळी खिडकी उघडली की पहिला वास त्याचा.

गजूभाऊ लग्नांचं शूटिंग करायचा. बुटका, पोट सुटलेला, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. त्या खिशांत कॅमेऱ्याचं सामान असेल असं कुणालाही वाटावं. तिथं पुड्या असत. डाव्या तळहातावर खर्रा घ्यायचा, उजव्या अंगठ्यानं चोळायचा, तोंडात टाकायचा, आणि त्याच अंगठ्यानं कॅमेऱ्याची काच पुसायची. फारच स्वच्छतेची लहर आली तर रुमाल निघे. त्या रुमालाचा मूळ रंग त्याच्या बायकोलाही आठवत नसावा. बोलताना रस सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करून, ओठ मिटून, घशातून बोले. त्यामुळं त्याचं निम्मं बोलणं कळतच नसे. एकच शब्द लख्ख कळायचा: “सरका!” नवरदेवाला सरका, भटजीला सरका, नवरीच्या बापाला सरका. एकदा कुठल्याशा लग्नात त्यानं साक्षात नवरीलाच, “ताई, सरका जरा, मागं तुमच्या मावशी झाकून राह्यल्या,” म्हणून बाजूला केलं होतं.

ही त्याची चूक नव्हती, हे त्याचं तत्त्वज्ञान होतं. मला ते त्यानं जिन्यात उभं राहून समजावून सांगितलं आहे.

“मास्तरीनबाई, लग्न कोनी पाह्यते का? कोनी नाई पाहत. कॅसेट आली का जो तो आपलंच तोंड हुडकते. मी कुठी हाय, मी कुठी हाय. मंग आपलं काम काय? तोंडं घेनं. सगळ्याईची. एक तोंड सुटलं का भांडन.”

मी शाळेत शिकवत असे म्हणून मी मास्तरीनबाई. त्याच्या तोंडून ते ऐकलं की मला शाळा सोडावीशी वाटे.

माझ्या स्वतःच्या लग्नाचं शूटिंग यानंच केलं. खालचाच माणूस, त्याला सोडून दुसऱ्याला कसं सांगायचं, असं बाबांना वाटलं. भिडस्तपणा माणसाला कुठं नेतो पाहा. त्या कॅसेटमध्ये मंगळसूत्र बांधताना मी नाही. त्या वेळी कॅमेरा माझ्या मामेसासऱ्यांवर आहे, आणि मामेसासरे शिंकत आहेत. एकदा नाही, चांगले मनसोक्त शिंकत आहेत, आणि गजूभाऊ ती शिंक येईपर्यंत थांबला आहे. पुढं पंगत. चघळणारी तोंडं, मठ्ठा पिणारी तोंडं, दातात अडकलेलं काढणारी तोंडं, संपता संपत नाहीत. मी दिसते ती शेवटी, एका फिरत्या कमळात, मुंडकं फक्त. आणि त्या कमळाच्या कडेलासुद्धा एक तांबूस बोट उमटलेलं आहे. लग्नानंतरही मी याच घरात राहत होते; खाली जाऊन जाब विचारला तर म्हणाला, “तुमच्या मामेसासऱ्यानं तीनदा मागून नेली जी कॅसेट. लई खूश हायेत.” आणि हसला. ते दात. मी जिना चढून वर आले आणि ती कॅसेट कपाटाच्या तळाशी टाकली. अजून तिथंच असेल.

पण मला त्याची खरी किळस यायला लागली ती समोरच्या घरातले काका वारले त्या दिवशी. त्यांचा मुलगा परदेशात, पोचणं शक्य नव्हतं, म्हणून घरच्यांनी गजूभाऊला बोलावलं. अंत्यदर्शनाचं शूटिंग ही आपल्याकडं आता रीतच झाली आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. बायका रडत होत्या, गजूभाऊ हनुवटी वर करून एकेकीवर कॅमेरा नेत होता, आणि लाइट गेली. वीज इथंच तयार होते आणि इथंच जाते, हे आमच्या गावाचं भाग्य. लाइट आली तोवर बायकांचा पहिला आवेग ओसरला होता, कुणी पाणी पीत होतं, कुणी अंत्ययात्रा किती वाजता म्हणून विचारत होतं. तेव्हा हा माणूस मध्ये येऊन म्हणतो काय,

“अंधारात वाया गेलं न जी सगळं. एकडाव अजून रडा न बाई. तिकून सुरू करा, काकूपासून.”

मला वाटलं, आता याला कुणीतरी चपलेनं मारणार. कुणी मारलं नाही. काकूंनी पदर नीट केला आणि त्या रडल्या. त्यांच्यामागून बाकीच्या. आणि गजूभाऊ प्रत्येकीच्या तोंडाशी जाऊन, “हां, हां, बराबर,” म्हणत होता. मी घरी आले, ताटावर बसले आणि उठले. संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर मला सांगतो, “दुसऱ्या डावाले चांगलं आलं, मास्तरीनबाई.” त्याची किळस आलीच. खरं सांगायचं तर त्या बायकांचीही आली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाले. त्याला ते कळलंच नाही. गेंड्याच्या कातडीचा माणूस.

आता ‘काळी धूळ’ची गोष्ट.

दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या जंगलपट्ट्यातल्या, गावागावांत मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि रात्री नाटक असतंच. त्या वर्षी मूलच्या पुढच्या त्या गावात नाटकाच्या आधी, संध्याकाळी, चंद्रपूरच्या नव्या पोरांचं गाणं ठेवलं होतं. गावानं त्यांना उभं राहू दिलं त्याला कारण एकच. ड्रम वाजवणारा रवी त्याच गावचा. तलावात मासे धरणाऱ्या घरातला पोरगा. चंद्रपुरात शिकायला आला आणि या पोरांना सापडला. गजूभाऊला बोलावलं होतं गावाच्या कमिटीनं, पोरांनी नव्हे. कमिटीला आपल्या पाहुण्यांचं शूटिंग पाहिजे होतं. गाणं झालं काय, न झालं काय.

मी तिथं नव्हते. पण पंधरवड्यानं खालून आरडाओरडा ऐकू आला. बँडची पोरं कॅसेट पाहायला आली होती. गायकाचा आवाज तेव्हाही मोठाच होता. त्यानं काय काय शिव्या दिल्या ते मी इथं लिहू शकत नाही, पण शाळेतली असूनही मला एकही अनाठायी वाटली नाही. पोरं कॅसेट न घेताच निघून गेली. मग गजूभाऊ ती घेऊन वर आला, माझ्या दारात. न्याय मागायला!

“तुम्ही पाहा मास्तरीनबाई. शिकलेल्या हाय तुम्ही. काय वाईट हाय सांगा.”

मी पाहिली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची हनुवटी. नारळ. दुसऱ्या पाहुण्यांची हनुवटी. दुसरा नारळ. हारातलं एक फूल पाहुण्यांच्या कानात गेलं आहे, ते निघेपर्यंत कॅमेरा कानावर. गाणं सुरू होतं ते नुसतं ऐकू येतं. दिसतात खुर्च्या, खुर्च्यांवरची तोंडं, फुटाणे खाणारी तोंडं, जांभया. मग एकदाच हा शहाणा मांडवाच्या मागच्या टोकाला जाऊन अख्खा स्टेज घेतो. गायक आहे, दोघे गिटारवाले आहेत, आणि ड्रमवाला डावीकडं मागं बसलेला. तिथं तो डाग. ड्रम दिसतात, त्यावर पडणाऱ्या काड्या दिसतात, कोपरं दिसतात. मानेच्या वर तांबूस ढग. पोरांना नारळ देतात तेव्हा तरी ड्रमवाला दिसावा, तर तो पाया पडायला वाकलेला, आणि कॅमेरा पाहुण्यांच्या तोंडावर. पुढं सगळं गाणंभर कॅमेरा आहे तिसऱ्या रांगेतल्या एका बाईवर. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, हसते आहे, हसते आहे. आणि ऐन भरात वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागतात. त्या त्यानं नंतर घातलेल्या.

“हे काय आहे?” मी डागावर बोट ठेवून विचारलं.

त्यानं वाकून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा पाहिला, आणि खूश होऊन हसला. “थो माहा अंगठा. घाईत लागला असन काचेले.” आणि लगेच, “थे सोडा. ह्या बाईचं तोंड पाहा. काय फुललं हाय, पाहा न! असं तोंड दहा लग्नात एक भेटते.”

मी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली आणि हात साबणानं धुतले. गाढवाला गुळाची चव काय, हे त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. तरी तो जिना उतरताना गुणगुणत होता.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोरं पुण्याला गेली, त्यांचं नाव झालं. रवी मात्र गेला नाही. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या या जिल्ह्यांतल्या घराघरांत हा आजार आहे, आणि त्याच्या दुखण्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. मंडईनंतर दोनेक वर्षांत रवी वारला. त्याच्या जागी दुसरा ड्रमवाला आला, त्यानं रवीचे ठेके उचलले, आणि आज जग ज्या ठेक्यावर मान हलवतं तो तोच. मुलाखतीत गायक म्हणतो, “आमचा एक पहिला ड्रमरही होता.” एवढंच. मला याचीही किळस येते, पण ती गजूभाऊच्या खात्यावर लिहिता येत नाही.

गजूभाऊच्या खात्यावर दुसरं आहे. ज्या पोरांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्यांचं नाव झाल्याबरोबर या गृहस्थानं स्टुडिओचा बोर्ड नवा करून घेतला: ‘काळी धूळ फेम कॅमेरामन गजूभाऊ’. गिटारच्या चित्रासकट. लग्नघरची माणसं विचारायला आली की तो हनुवटी वर करून सांगे, “लई जवळून पाह्यलं जी मी त्याईले.” वरच्या खिडकीत मी ते ऐकत असे आणि खिडकी आपटत असे.

मग कॉलेजातले देशकर सर आले. तरुण मनुष्य, गिटारचं वेड, ‘काळी धूळ’ म्हणजे देवच. त्यांना कळलं की पहिल्या कार्यक्रमाची कॅसेट या गल्लीत आहे. त्यांनी ती गजूभाऊकडून नेली, कॉम्प्युटरवर उतरवली, आणि एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं. मी जाणार नव्हते. पण सर शाळेत माझ्या हाताखालून गेलेले, त्यांनी आग्रह केला, आणि रवीची आई येणार आहे, तुमच्याजवळ बसवतो, म्हणाले. त्यामुळं गेले.

रवीची आई, शांताबाई, सकाळच्याच एसटीनं आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, काटक. मांडीवर स्टीलचा डबा. त्यात बँडच्या पोरांसाठी तळलेले झिंगे, तलावातली बारीक कोळंबी. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे, की पोरं येणार आहेत. पोरं आली नव्हती. गायकानं पुण्याहून स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं, त्यात त्यानं ‘आमची मुळं’ असा शब्द वापरला. मी शांताबाईंच्या डब्याकडं पाहिलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

“तुमी पाह्यलं का जी हे पह्यले?” त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

“रवी दिसते न?”

मी काय सांगणार? म्हटलं, “बघू या.”

मग त्या आपणहून सांगू लागल्या. घरात रवीचा एकच फोटो, बारावीच्या परीक्षेचा, मोठा करून आणलेला. त्यात तो मुकाट, परीक्षेला बसल्यासारखा. “पन वाजवाले बसला का थो हासे. लहानपनापासून. मी जाळं शिवत बसली का माह्या मांडीवर वाजवे, अन् हासे. आता कसं झालं बाई, मले त्याचं हासनं आठवते, तोंड नाई आठवत. फोटोच मधात येते. म्हून आली. एकडाव हासतानी पाह्यलं का झालं माहं.”

मला त्या क्षणी गजूभाऊ समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही. तो होता, मागच्या रांगेत. नवं जाकीट, केसाला तेल, गालाच्या आत गोळा. सत्कार होईल अशी तयारी करून आला होता.

दिवे मालवले. हनुवटी, नारळ, हनुवटी, नारळ. हॉलमध्ये कॉलेजची पोरं खिदळायला लागली. कानातलं फूल आलं तेव्हा शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, “अबे, कोन येडा होता बे कॅमेऱ्यावर?” शांताबाईंना हसण्याशी घेणं नव्हतं. त्या पुढं झुकून बसल्या होत्या. “कुठी हाय? आला का?” आणि मग अख्खा स्टेज आला, आणि डावीकडचा डाग.

“कुठी हाय रवी?”

देशकर सरांनी चित्र तिथंच थांबवलं, पडद्याजवळ जाऊन बोट दाखवलं. “हे ड्रम, मावशी. हे त्याचे हात. या डागाच्या मागं आहे तो.”

“मंग पुसा न डाग.”

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, “तो पुसता येत नाही, मावशी. कॅसेटला बुरशी लागली होती. जुनी झाली ना. त्याखाली आता काही उरलेलं नसतं.”

बुरशी! मी मागं वळून गजूभाऊकडं पाहिलं. मला पक्कं ठाऊक होतं की हा आता गप्प बसणार. आयती सबब मिळाली होती. त्याचा गाल हलायचा थांबला होता. तो उठला आणि बाहेर निघून गेला. पळाला, असंच मला वाटलं, आणि आयुष्यभराच्या रागाला दुजोरा मिळाल्याचं एक ओंगळ समाधानही वाटलं.

बाहेर थुंकल्याचा आवाज आला. मग चूळ भरल्याचा. मग तो आत आला आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत शांताबाईंच्या समोर येऊन उभा राहिला. गजूभाऊचं रिकाम्या तोंडाचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आवाज बारीक होता, पोरवयाचा वाटावा असा.

“बुरशी नाई थे, बाई. खर्रा हाय. माहा अंगठा लागला होता काचेले. मी पुसलीच नाई काच.”

शांताबाईंना उमगेना. “म्हंजे?”

“म्हंजे तुमचं पोरगं माह्या अंगठ्यामागं गेलं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मला वाटलं, आता शांताबाई याला शिव्या घालतील. घालाव्यात, अशी माझी इच्छा होती. त्यांनी वेगळंच विचारलं.

“तुमी तं होते न तिथी? मी पाह्यलं, पन डोळ्यात पानी होतं. तुमी कॅमेऱ्यातून जवळून पाह्यलं असन. सांगा न मंग. कसा दिसत होता हासतानी?”

‘लई जवळून पाह्यलं जी मी त्याईले.’ बोर्डाखाली उभं राहून किती जणांना सांगितलं होतं यानं. आता एक वाक्य खोटं बोलला असता तर ती बाई समाधानानं गावी गेली असती. दात दिसत होते, डोळे बारीक झाले होते, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ. मला आजही ठरवता येत नाही की ते बोलायला हवं होतं की नाही.

“नाई पाह्यलं, बाई,” गजूभाऊ म्हणाला. “एक डोळा मिटला होता. दुसरा कॅमेऱ्याले लागून. अन् कॅमेरा तुमच्याकडं होता. तुमचं तोंड असं फुललं होतं, मी तिकडं पाह्यलंच नाई.” मग सरांकडं वळून, “समोरचं लावा न सर. बाईचं.”

सरांना दुसरं काय करावं ते सुचलं नसावं. त्यांनी लावलं. पडद्यावर हिरव्या लुगड्यातल्या शांताबाई आल्या, भिंतीएवढ्या, हसणाऱ्या. डाग होताच, वरच्या कोपऱ्यात, जिथल्या तिथं.

“माहंच तोंड पाहून मी काय करू जी?” शांताबाई म्हणाल्या. आवाज फुटला होता. “मले त्याचं पाहाचं होतं. माहं तं मी रोज पाह्यतो आरशात.”

जो तो आपलंच तोंड पाहतो, या एका गोष्टीवर गजूभाऊचा जन्म गेला होता. तो वळून पडद्याकडं गेला, खिशातून रुमाल काढला, तोच तो, आणि टाचा उंच करून पडद्यावरचा डाग पुसू लागला. प्रकाशाचा डाग असा पुसला जात नाही हे त्याला माहीत नव्हतं असं नाही; उभा जन्म त्याच धंद्यात गेलेला. तरी पुसत होता. डाग त्याच्या हातावर पडला, रुमालावर पडला, नव्या जाकिटाच्या पाठीवर पडला. पोरं आता मोकळेपणानं हसत होती. मला तो रुमाल बघवत नव्हता, आणि तरी मला त्याच्यावरून नजर काढता येत नव्हती.

माझ्या शेजारी डबा वाजला. शांताबाईंनी तो मांडीवरून उचलून खाली ठेवला होता. त्या पडद्यावर स्वतःच्या तोंडाकडं पाहत नव्हत्या, खाली पाहत होत्या. तिथं, हिरव्या लुगड्यावर, त्या दुसऱ्या शांताबाईचा हात मांडीवर पडत होता. ड्रमचा एक ठोका, हाताचा एक ठोका. मध्ये एक ठोका सुटे, तिथं हातही थांबे. त्यांनी माझं मनगट धरलं.

“हे तं त्याचंच हाय,” त्या म्हणाल्या. “माह्या मांडीवर असंच वाजवे थो.”

आणि त्यांचा रिकामा झालेला हात मांडीवर पडू लागला, पडद्यावरच्या हाताबरोबर. पण आता नेमका मधेच गजूभाऊ. पुसता पुसता तो डागाखालून जरा उजवीकडं सरकला होता, आणि त्याच्या सावलीत तो हात झाकून गेला होता.

“सरका न भाऊ,” शांताबाई म्हणाल्या. रागानं नाही. “हात दिसू द्या.”

साऱ्या जिल्ह्याला सरकायला लावणारा तो माणूस रुमाल हातात घेऊन मागं वळला. क्षणभर त्याच्या तोंडावर डाग होता. मग तो भिंतीकडं सरकला, आणि डाग परत पडद्यावर गेला.